गंधकाचा हात

एरंडोल,
श्रावण वद्य ११, शके १८५३ (सन १९३१)

तीर्थरूप सासूबाईंच्या पायांवर प्रमिलेचा नमस्कार.

मी माहेरी सुखरूप पोचले. मामंजींच्या मागे भाऊबंदांत तेच मोठे, म्हणून जीवराम आबांनीच धुळ्याला मोटारीत बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हिले एरंडोलले उतारी दे." शेजारी मिरच्यांचं पोतं होतं, त्याच्याबद्दलही त्याला कोणीतरी असंच सांगून गेलं होतं. पोतं पारोळ्याला उतरलं. मी पुढे आले.

हे पत्र कुंदा तुम्हाला वाचून दाखवते आहे. तुमच्या लेकीला अक्षरं मीच शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पोरले काय मामलेदार करनं शे?" आता साक्रीच्या घरात माझा आवाज पोचवायला तीच एक उरली आहे, तर तिला अडवू नका.

त्या सोमवारी सकाळी मला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून माझ्या बाजूने एकदा सांगते. मामंजी गेल्यावर श्रावणातली कानबाई देवी सजवायचा मान तुमच्या हातून गेला. यंदा तो तुम्ही मला दिलात. सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालात, "औंदा मन्ही सून सजाडी." मला फार आनंद झाला होता. मी नारळाला चांदीचे डोळे बसवले, सोन्याची नथ घातली, साडी नेसवली. बाया म्हणाल्या, देवी हसते आहे. आणि सकाळी विसर्जनासाठी देवी उचलली तेव्हा दोन्ही डोळे काळे पडलेले होते. जीवराम आबा म्हणाले, "देवीले हिना हात नही चालना." त्याच आठवड्यात त्यांचा बैल साप चावून मेला, पावसाने दडी मारली, आणि तेही माझ्याच अंगावर आलं.

सासूबाई, एवढंच विचारते. नथ सोन्याची होती, तीही माझ्याच हातांनी घातली होती. ती का काळी पडली नाही? देवी रुसली असती तर नाकानेही रुसली असती. ते डोळे देव्हाऱ्यातून काढा आणि बारीक राखेने घासून पाहा. काळं निघून जाईल. देवाचा कोप राखेने निघतो असं मी तरी ऐकलेलं नाही.

तुमच्या चिरंजिवांना मी काही लिहीत नाही. त्यांनी तोंड उघडलं नाही, म्हणून मीही उघडत नाही.

रूपूला तुम्ही ठेवून घेतलंत. "रुपचंदनं नाव शे त्याले, नातू आठेच ऱ्हाई," असं म्हणालात. मामंजींचं नाव त्याला मीच हौसेने ठेवू दिलं, त्याचं हे फळ. असो. त्याला तिसरं लागलं आहे. भाकरी वरणात कुस्करून, तिखट न घालता द्यावी. झोपताना कान चोळलेला आवडतो, डावा. मला त्याची फार आठवण येते. वडिलांच्या दुकानात बसलं तरी मांडी रिकामी लागते.

आपली,
प्रमिला

(कुंदा, ही आतली चिठ्ठी तुझी. मोठ्याने वाचू नकोस.)

तू रडत असशील. रडू नकोस, सासूबाई विचारतील. डोळे का काळे झाले ते तुला आणि मला, दोघींनाच ठाऊक आहे. त्या दुपारी गोठ्यात तुझ्या अंगाला मी गंधकाचं मलम चोळलं, हात माती लावून धुतले, आणि घाईने देवी सजवायला बसले. तेलातला गंधक पाण्याने जात नाही. चांदीला गंधक लागला की ती काळी पडते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान आहे, आणि गंधकाच्या पोत्याशेजारी टांगलेली त्यांच्या घड्याळाची चांदीची साखळी कायम काळी असायची.

मी हे तिथेच सांगितलं असतं. मग जीवराम आबांनी विचारलं असतं, गंधक कशाला? खरूज कोणाला? आणि तुला बघायला धुळ्याची मंडळी येणार होती. खरजेचं पुढे काय होतं ते तुला माहीत आहे. एक म्हणतो खरूज, दुसरा म्हणतो कोड, तिसऱ्याच्या तोंडी महारोग. मलम लावत राहा. गोधडी उन्हात घाल, कपडे उकळ. आणि तोंड मिटून राहा.

तुझी वहिनी


एरंडोल,
आश्विन शुद्ध ४, शके १८५३

चि. कुंदा हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र फक्त तुला. तुझ्या हातांवरचे फोड गेले, बोटांच्या बेचक्या साफ झाल्या, हे वाचून जीव हलका झाला. धुळ्याची मंडळी आता दिवाळीनंतर येणार म्हणतेस, म्हणजे तोवर डागही जातील.

तू लिहितेस की सगळं सांगून टाकावंसं वाटतं. बिलकूल नाही. माझ्या वडिलांचंही तेच चाललं आहे. परवा ते पागोटं बांधून साक्रीला निघालेच होते. मी दुकानाच्या उंबऱ्यात आडवी बसले आणि म्हटलं, तुम्ही तिथे एक शब्द बोललात तर या घरचं पाणी पिणार नाही. ते पागोटं काढून बसले आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होते. आमच्या घरात राग असाच फिरतो, ज्याच्यावर आहे तो सोडून.

तू गंधकाबद्दल विचारलं आहेस, तर ऐक. आम्ही पोरं या पिवळ्या खड्यांवरच वाढलो. पोत्यातला गंधक असतो तसा वापरायचा नाही. लोखंडी पळीत तुपाबरोबर मंद विस्तवावर ठेवला की तो वितळून मधासारखा होतो. तो फडक्यातून दुधात ओतायचा, म्हणजे तळाशी दाणे बसतात आणि कचरा फडक्यात राहतो. विस्तव मोठा झाला तर मधाचा रंग लाल होतो, गंधक घट्ट होऊन पळीला चिकटतो, आणि मग आईची बोलणी. तो पेटला तर निळी ज्योत येते, दिसायला सुंदर, पण तिच्या धुराने छाती आवळते. वडील गंमत म्हणून त्या धुरावर लाल गुलाब धरायचे. फूल बघता बघता पांढरं पडायचं. मी हट्टाने विचारायचे, फूल पांढरं होतं तर चांदी काळी का? ते म्हणायचे, त्याचा स्वभावच तसा, ज्याच्याशी गाठ पडेल त्याला बदलतो, एका सोन्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

आता कामाचं. रूपू खाजवतो असं तू पत्राच्या शेवटी, कोपऱ्यात लिहिलं आहेस. ते सगळ्यात वर लिहायला हवं होतंस. तो तुझ्याजवळ झोपत होता, त्याला खरूज लागणारच. पुडीत शुद्ध गंधक पाठवते आहे. करंजाच्या तेलात खल आणि आंघोळीनंतर त्याच्या सगळ्या अंगाला, मानेखाली, सलग तीन दिवस चोळ. लहान लेकरू आहे, गंधक अगदी थोडा घे.

आणि कुंदा, त्याच्या पायातले चांदीचे वाळे आधी काढ. मलम लावण्याआधी. विसरू नकोस.

तुझी वहिनी


एरंडोल,
कार्तिक वद्य ६, शके १८५३

तीर्थरूप सासूबाईंस नमस्कार.

जीवराम आबांचा निरोप पोचला. आमच्याच दुकानातून हिंग घ्यायला आलेल्या माणसाबरोबर त्यांनी तो पाठवला, त्यामुळे दुकानातल्या चार गिऱ्हाइकांनीही तो ऐकला. रूपूच्या पायातले वाळे काळे पडले, आईची सावली पोरावर उतरली. आबांचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले गेले, "बाई गई, तरी पोऱ्याना वाया काया पडनात. हाई रक्तमाच शे." म्हणून आता पोरगं एरंडोलला पाठवावं आणि तुमच्या चिरंजिवांचं दुसरं लग्न करावं. मुलगीही बघून ठेवली आहे म्हणे.

मी आठ दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण राग आला होता आणि रागात अक्षर वाईट येतं.

सासूबाई, मी इथे आहे. देवीच्या डोळ्यांना माझा हात लागला होता, हे मी नाकारत नाही. वाळ्यांना कसा लागला? पारोळं, धुळं ओलांडून लागला? माझा हात एवढा लांब असता तर मी त्याच हाताने लेकराला उचलून आणलं नसतं का?

वाळे मामंजींनी जाण्याआधी नातवासाठी करून ठेवलेले म्हणून तुम्ही ते काढू देत नाही, नजर लागेल म्हणता, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला दोष देत नाही. तुमच्याबद्दल आणखी एक गोष्ट त्या माणसाने सांगितली, ती त्याने निरोपात नव्हे तर हिंग बांधून घेताना सहज सांगितली. आबांनी पोराला गाडीत बसवायला सांगितलं तेव्हा तुम्ही त्याला पदराखाली घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसलात आणि दाराला कडी घातलीत. आणि तेव्हापासून त्याला तुमच्याच कुशीत झोपवता. त्याचं अंग खरबरीत झालं आहे, दुसऱ्या कोणी जवळ घेतलं नसतं.

हे ऐकून मी मागच्या अंगणात जाऊन रडले. माझं लेकरू मला मिळत होतं आणि तुम्ही ते दिलं नाहीत, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण तो बाटलेला माल म्हणून गाडीत टाकला जाणार होता, आणि तुम्ही त्याला तसं जाऊ दिलं नाहीत. मला तो हवा आहे, सासूबाई, रोज हवा आहे. पण मला तो तुमच्या ओसरीवर हवा आहे, त्याच्या आजोबांच्या नावासकट.

दुसऱ्या लग्नाचं तुमच्या चिरंजिवांनी स्वतः मला सांगावं. आबांच्या तोंडून मी ते ऐकलेलं धरत नाही.

प्रमिला

(कुंदा, तुझी चूक नाही. वाळे काढता येत नव्हते म्हणून तू घोट्याला मलम लावलं नाहीस, हे मी समजले. पण लेकरू पायावर पाय घासतंच. मलम थांबवू नकोस. वाळे काळे झालेलेच आहेत, आता आणखी काय होणार? लेकराचं अंग बरं होऊ दे.)


एरंडोल,
ज्येष्ठ शुद्ध ९, शके १८५४ (सन १९३२)

चि. कुंदा हिला आशीर्वाद.

तुझं ठरलं. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, साखर वाटली, लग्न दिवाळीनंतर, मुलगा धुळ्याला सूतगिरणीत कारकून. मी पत्र वडिलांना वाचून दाखवलं तर ते नुसते "हं" म्हणाले आणि आत जाऊन गूळ घेऊन आले. आम्ही दोघांनी तुझ्या नावाने गूळ खाल्ला. आखाजीला इकडच्या सगळ्या माहेरवाशिणी झोके घेत होत्या. मला कोणी माहेरवाशीण म्हणत नाही, कारण माहेरवाशीण परत जाते. पण त्या दिवशी तुझ्यासाठी मीही एक झोका घेतला.

आता तुझ्या दादांची गोष्ट. तू मला आधी कळवलं नाहीस, म्हणजे तुलाही त्यांनी सांगितलं नसणार. परवा दुपारी दुकानात कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी मान वर न करता विचारलं, काय हवं? तर आवाज ओळखीचा.

"बियाले लावाले गंधक पाहिजे. गये सालले काणी पडनी."

ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी धरते, त्या रोगावर आता शेतकी खात्याची माणसं बियाण्याला गंधक चोळायला सांगतात, हे खरं. पण गंधक साक्रीला मिळतो, धुळ्याला तर पोत्यांनी मिळतो. त्यासाठी कोणी धुळं मागे टाकून एरंडोलला येत नाही. मी हे तोंडावर बोलले नाही. मी गंधक तोलला, पुडा बांधला. वडील वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते, उलटं.

रूपू बरा आहे म्हणाले. अंग साफ झालं, पळतो, तुझ्या हातून अ आ गिरवतो. दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं नाही. मग बराच वेळ पुड्याची दोरी सोडत आणि बांधत बसले. मी शेवटी म्हटलं, हे बियाणं मडक्यात घालून स्वतःच्या हाताने हलवा. कोणा सालदार गड्याला सांगू नका. आणि हलवताना बोटातली चांदीची अंगठी काढू नका.

"काबरं?"

मी म्हटलं, पेरणी झाल्यावर अंगठीकडे बघा. मग घरात काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

याहून जास्त मी सांगू शकत नव्हते. गंधकाने चांदी काळी पडते एवढं त्यांना कळलं तर पुरे. माझ्या हाताला गंधक कुठून आला हे ते विचारणार नाहीत. त्यांनी आजवर मला कधीच काही विचारलेलं नाही, तोच त्यांचा दोष आहे आणि इथे तोच उपयोगी पडेल असं मला वाटलं. औषधाच्या दुकानातली पोर आहे, कुठून तरी लागला असेल, असं म्हणून मोकळे होतील.

ते गेल्यावर मी तो रिकामा तराजू बराच वेळ पुसत होते. मला आशा वाटते आहे, कुंदा. तुला खरं सांगते, फार आशा वाटते आहे.

तुझी वहिनी


एरंडोल,
आषाढ वद्य २, शके १८५४

कुंदा,

तुझं पत्र मिळालं. अंगठी काळी पडली. त्यांनी ती पाहिली, ओट्यावर बसून फिरवून फिरवून पाहिली, आणि मग काढून कोनाड्यात, उरलेल्या गंधकाच्या पुड्यामागे ठेवून दिली. आईला काही बोलले नाहीत. आबा आले तेव्हा बोटावरचा काळा डाग मुठीत लपवला.

ठीक आहे. माझ्या आशेला मीच जबाबदार.

पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला आवडलेलं नाही. "औंदा कानबाई मी सजवणार आहे, कुमारिकेला चालते असं आईकडून कबूल करून घेतलं आहे." त्यापुढे तू काही लिहिलेलं नाहीस. मी तुला अक्षरं शिकवली, कुंदा. तू काय लिहितेस ते जसं मला वाचता येतं, तसं काय लिहायचं टाळतेस तेही वाचता येतं.

कोनाड्यातल्या त्या पुड्याला हात लावायचा नाही. धुळ्याहून तुझी होणारी सासू कानबाईच्या दर्शनाला येणार आहे, हे तूच लिहितेस. तुझं लग्न व्हावं म्हणून मी वर्षभर माझ्या लेकरावाचून राहिले. ते वर्ष तू पाण्यात घालू नकोस. ही माझी आज्ञा समज. मी तुझ्याहून मोठी आहे आणि तुझी मास्तरीणही आहे.

वहिनी


साक्री,
भाद्रपद वद्य ५, शके १८५४

चि. कुंदाबाई हिला वहिनीचे अनेक आशीर्वाद.

वरचं गावाचं नाव वाच. हो, मी इथून लिहिते आहे. ओसरीवर बसले आहे, आणि रूपू पाठीला टेकून माझी वेणी ओढतो आहे. पहिले दोन दिवस तो मला "एरंडोलवाली" म्हणत होता. तिसऱ्या दिवशी झोपताना आपण होऊन डावा कान पुढे केला.

तू आज्ञा मोडलीस. त्याबद्दल तुला रागवायला मी लेखणी घेतली होती, पण रागवणं जमत नाही. तू मला एक ओळही लिहिली नाहीस. जे झालं ते मला तुझ्या आईच्या तोंडून कळलं, आणि तुझी आई गोष्ट कशी सांगते तुला माहीत आहे. आधी शेवट, मग अधूनमधून बाकीचं.

त्या आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. बरोबर कोणी नाही. धुळ्याला मोटार कशी बदलली त्यांचं त्यांना ठाऊक. मी पाणी दिलं. त्यांनी कनवटीची पुरचुंडी काढून माझ्या हातावर उपडी केली. देवीचे दोन चांदीचे डोळे, काळेकुट्ट.

"कुंदानी काया कयात," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं आलं. तू सगळ्या बायांच्या देखत वाटीत गंधक आणि तेल कालवलंस, दोन्ही हातांना लावलंस आणि देवी सजवलीस. कोणाला वाटलं हळद आहे. जीवराम आबा तर म्हणाले, पोरगी हौशी आहे. आणि सकाळी डोळे काळे दिसले, बाया मागे सरल्या, तेव्हा तू हात पुढे करून उभी राहिलीस. तुझ्या आईने तुझे शब्द मला दोनदा सांगितले. "वहिनीना हात नही, मन्हा हात दखा. गये सालले माले खरूज व्हती, मन्हाकरता तिनी गंधक लावा. देवी रुसेल नही. हाई बठ्ठं गंधकनं शे."

धुळ्याची बाई उठून गेली. प्रसाद घेतला नाही. दोन दिवसांनी साखरपुड्याची साडी परत आली. आबांनी देवीची विटंबना केली म्हणून भाऊबंदांची बैठक बसवली आणि तुला धुळ्याला भागाबाई मावशीकडे पाठवलं, लोकांची तोंडं बंद होईपर्यंत. म्हणजे यंदा मिरच्यांच्या पोत्याशेजारी तू बसलीस.

माझ्या वडिलांनी सासूबाईंना विचारलं, आता काय म्हणणं आहे? त्या वडिलांशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "चाल." एवढंच. माफी नाही, काही नाही. मी डोळे हातात धरून विचारलं, हे घासून देऊ का? राखेने निघेल. त्यांनी ते परत घेऊन पुरचुंडीत बांधले.

"नको. पुढला सालले हाईच लावसूत."

मला कबूल करायला हवं, मी घरी आले तेव्हा मला आनंद झाला नाही. उंबरा ओलांडताना तुझी रिकामी खुंटी दिसली, तुझी लाल चोळी असायची ती. ज्या गोष्टीसाठी मी गप्प राहिले तीच गेली. लेकरू मिळालं, आणि ज्या दारातून मी आत आले त्याच दारातून तू बाहेर गेली होतीस. हे मला अजून पचलेलं नाही. तुझ्या दादांनी कोनाड्यातली अंगठी काढून बोटात घातली आहे, काळी आहे तशीच.  मी त्यांना भाकरी गरम वाढली.

आता काल काय झालं ते सांगते, त्यासाठीच हे पत्र आहे.

दुपारी सासूबाईंनी मला गोठ्यात बोलावलं. त्याच जागी, जिथे मी तुला मलम लावायचे. पदर बाजूला करून त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं, सगळीकडे खाजवून सालटी निघालेली. कुंदा, त्यांना खरूज आहे. रूपूला कुशीत घेऊन झोपल्या तेव्हापासून, म्हणजे गेल्या दिवाळीपासून. तो बरा झाला, त्या तशाच राहिल्या. तुलाही दाखवलं नाही. इतके महिने पदराखाली हात ठेवून त्या आबांचं सगळं ऐकत होत्या. मी विचारलं, एवढं का सोसलंत? त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? तुले काढं मी, आणि मालेच तुन्हं औषध मांगू?"

मी करंजाचं तेल आणलं, गंधक खलला. हात चोळायला घेतले तर मनगटावर त्यांचे चांदीचे गोट. मामंजी गेल्यावर काकणं फुटली, तेव्हापासून हातात तेवढेच आहेत. मी सवयीने ते काढायला गेले.

त्यांनी हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे. गोट नको काढू. होऊ दे काया."

मी चोळत राहिले.  माझे डोळे भरून आले होते, आणि त्या गाईकडे बघत होत्या.

आज सकाळी गोट काळे झाले होते. त्यांनी आंघोळ केली, पदर खांद्यावर घेतला, हात उघडे टाकले आणि कळशी घेऊन आडावर गेल्या. मी म्हटलं, मी आणते पाणी. ऐकलं नाही. आडावर पाणी काढताना दोन्ही हात वर जातात, सगळ्यांना दिसतात. तिथून त्या सरळ जीवराम आबांच्या दारात गेल्या आणि त्यांच्या बायकोला म्हणाल्या, "माले खरूज शे. मन्ही सून गंधक लावस. तुन्हा घरमा कोनले व्हई ते धाडी दे." आबा आतच होते म्हणे. बाहेर आले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांची धाकटी सून मागच्या दाराने आली, पदराखाली हात घेऊन. मी तिलाही पुडी दिली.

तुझ्यासाठी दुसरं स्थळ येईल की नाही, मला माहीत नाही. येईल असं खोटं लिहिणार नाही. पण घर आहे, आणि घरात आता हात लपवायचे नाहीत. धुळ्याला मुलींच्या शाळेत मास्तरणींचा वर्ग आहे, त्याबद्दल माझ्या वडिलांनी चौकशी केली आहे. ते तू आल्यावर बोलू.

तुझी खुंटी मी पुसून ठेवली आहे. सासूबाई परवा तुला आणायला धुळ्याला येत आहेत, एकट्याच. मोटार उतरायच्या जागी गर्दी असते, पण तू त्यांना लांबूनच ओळखशील. हातातले गोट काळे आहेत.

तुझी,
वहिनी